पावातला लॉबस्टर आणि रसदीचा हिशेब

या मालिकेत आपण लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले, सीमेवरचे रस्ते पाहिले. आजचा विषय खाण्याचा आहे. पण घाबरू नका, पाककृती सांगायला मी बसलेलो नाही. माझी बहुतेक नोकरी लष्कराच्या पुरवठा विभागात गेली. अन्न कुठून निघालं, कशात भरलं, किती दिवस टिकलं आणि जवानाच्या ताटात पोहोचेपर्यंत त्याची किंमत काय झाली, हे पाहणं हे माझं काम होतं. त्यामुळे कुठलाही पदार्थ समोर आला की माझं लक्ष चवीआधी त्याच्या वाटेकडे जातं.

आजचा पदार्थ आहे लॉबस्टर रोल. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांना न्यू इंग्लंड म्हणतात. मेन, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट ही त्यातली राज्यं. हा पदार्थ तिथला. आपल्या कोकणात जी शेवंड मिळते, तिला नांग्या नसतात. तिथल्या लॉबस्टरला पुढे दोन जाड नांग्या असतात. त्या नांग्यांचं आणि शेपटीचं उकडलेलं मांस लांबट, मऊ पावात भरायचं, की झाला लॉबस्टर रोल. एक प्रकार गरम, वितळलेल्या लोण्यातला. दुसरा थंड, थोड्या मेयोनीजमधला. बस्स, एवढंच.

मुलीकडे बॉस्टनला गेलो असताना जावयांनी मला अशाच एका छोट्या दुकानात नेलं. टेबलक्लॉथ नाही, वेटर नाही. कागदी द्रोणात पाव, बाजूला बटाट्याचे वेफर्स आणि कोबीची कोशिंबीर. आपल्याकडच्या वडापावच्या गाडीपेक्षा थाट फारसा वेगळा नव्हता. किंमत मात्र तीस डॉलरच्या वर! खाऊन मन तृप्त झालं, ते खोटं सांगणार नाही. मांस गोडसर आणि घट्ट, पाव लोण्यावर खरपूस भाजलेला. पण बिल पाहून मनात प्रश्न आला. गाडीवरच्या पावाला पंचतारांकित भाव कसा मिळाला? आजचं बोलणं त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

कैद्यांची गोष्ट

हा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. एकेकाळी लॉबस्टर इतका स्वस्त होता की तो कैद्यांना आणि नोकरांना घालत. शेवटी नोकर कंटाळले आणि त्यांनी करारातच लिहून घेतलं, की आठवड्यातून अमुक वेळांपेक्षा जास्त लॉबस्टर देऊ नये. गोष्ट छान आहे. अडचण एवढीच की असा करार आजवर कुणी दाखवलेला नाही. शिवाय हीच गोष्ट इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सामन माशाबद्दल, तिथल्या शिकाऊ कामगारांच्या नावाने सांगितली जाते. एकच गोष्ट दोन प्राण्यांना आणि दोन देशांना चिकटली, की समजावं, ही लोककथा आहे.

मात्र लोककथेमागे एक खरी गोष्ट आहे. १६२० मध्ये प्लिमथला वसाहत करणाऱ्या इंग्रजांचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने लिहून ठेवलंय, की १६२३ मध्ये नवे लोक जहाजातून उतरले तेव्हा त्यांच्यापुढे ठेवायला लॉबस्टर किंवा माशाचा तुकडा आणि झऱ्याचं पाणी याशिवाय काही नव्हतं. पाव नव्हता. ब्रॅडफर्डला खंत लॉबस्टरची नव्हती, पावाची होती. आज त्याच किनाऱ्यावर पाव फुकटाच्या भावात मिळतो आणि आतल्या मांसाचे पैसे मोजावे लागतात. चारशे वर्षांत पावाची आणि लॉबस्टरची जागा बदलली. ती चवीमुळे बदलली नाही. चव तेव्हाही तीच होती.

लाल डगलेवाले

जाता जाता एक शिपाईगिरीतली आठवण. ५ मार्च १७७० ला बॉस्टनमध्ये इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. ‘बॉस्टन हत्याकांड’ म्हणून ती घटना शाळेच्या पुस्तकांत असते. त्या दिवशी जमाव शिपायांना ज्या शिव्या देत होता, त्यात एक ‘लॉबस्टर’ ही होती. कारण त्यांचे लाल डगले. पण जिवंत लॉबस्टर लाल नसतो. तो काळपट हिरवा-तपकिरी असतो. त्याच्या कवचातलं लाल रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं. उकळत्या पाण्यात ते प्रथिन मोडतं आणि लाल रंग मोकळा होतो. म्हणजे बॉस्टनच्या त्या गर्दीला लॉबस्टर म्हणताच आठवत होता तो चुलीवरून उतरलेला. तो घरोघरी शिजत होता, याचा याहून चांगला पुरावा कशाला हवा?

चार पायांवरचं मटण

मग इतका मुबलक प्राणी स्वस्तच का राहिला? कारण तो मेला की झपाट्याने बिघडतो. त्याच्या मांसातले जिवाणू मेल्यावर भराभर वाढतात. म्हणून तो जिवंतच शिजवावा लागतो. किनाऱ्यावर ढीग, आणि पन्नास मैल आत शून्य. जिथे आहे तिथे भाव नाही, जिथे भाव आहे तिथे पोहोचत नाही.

ही अडचण मला ओळखीची वाटते. उंचावरच्या चौक्यांना ताजं मटण द्यायचं, तर जिथे शीतगृह नाही तिथे आम्ही मेंढ्या-बकऱ्या जिवंत पाठवत असू. फौजी भाषेत त्याला ‘मीट ऑन हूफ’ म्हणतात, म्हणजे स्वतःच्या पायांवर चालत जाणारं मटण. न्यू इंग्लंडच्या खलाशांनी समुद्रात हेच केलं. त्यांच्या ‘स्मॅक’ नावाच्या गलबतांत तळाला भोकं पाडलेली टाकी असे. समुद्राचं पाणी त्यातून खेळत राही आणि लॉबस्टर बॉस्टन-न्यूयॉर्कपर्यंत जिवंत पोहोचत. १८२० च्या दशकात ही गलबतं मेनच्या किनाऱ्यावर येऊ लागली आणि तिथल्या कोळ्याला पहिल्यांदा दूरचं गिऱ्हाईक मिळालं.

दुसरा मार्ग निघाला तो फौजेच्याच गरजेतून. नेपोलियनच्या काळात फ्रेंच सरकारने अन्न टिकवण्याच्या युक्तीसाठी बक्षीस ठेवलं होतं. निकोला आपेर या हलवायाने अन्न बाटलीत घट्ट बंद करून उकळायची पद्धत बसवली आणि १८१० मध्ये १२,००० फ्रँक घेऊन ती पुस्तकात छापली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट झालं. लेहमध्ये हिवाळ्याआधी सहा महिन्यांचा साठा भरताना आमच्यासमोर डब्यांचे डोंगर असायचे. प्रत्येक डब्यामागे हा आपेर उभा असतो.

१८४० च्या दशकात हे तंत्र मेनच्या ईस्टपोर्ट गावी पोहोचलं आणि लॉबस्टर डब्यात गेला. आता तो कुठेही जाऊ शकत होता. पण कारखान्याच्या भट्टीला पोट असतं, अंदाज नसतो. आधी मोठेमोठे लॉबस्टर डब्यांत गेले. ते संपत आले तसे लहान, मग त्याहून लहान. कोळ्यांनी आणि सरकारने हे डोळ्यांदेखत पाहिलं. किमान आकाराचे कायदे कडक होत गेले आणि १८९५ च्या सुमारास मेनमधला डब्यांचा धंदा बंद पडला. कारखानदार कॅनडाकडे सरकले. बर्फ आणि रेल्वे आल्यामुळे जिवंत लॉबस्टर शहरातल्या मोठ्या हॉटेलांत जाऊ लागला. तिथे तो पांढऱ्या टेबलक्लॉथवर बसला, तो बसलाच.

पाव कुठून आला

रोलचं श्रेय साधारणपणे कनेटिकट राज्यातल्या मिलफर्ड गावच्या ‘पेरीज’ या उपाहारगृहाला देतात. साल १९२९, प्रकार गरम लोण्याचा. त्या काळात मोटारी वाढल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला हातात धरून खाता येईल असं काहीतरी लोकांना हवं होतं. कवच फोडायला वेळ लागतो, हात बरबटतात. मांस काढून पावात घातलं की प्रश्न मिटला.

पावाची गोष्ट वेगळीच. हा पाव बाजूने नाही, वरून चिरलेला असतो आणि त्याच्या कडा सपाट असतात. १९४० च्या दशकात हॉवर्ड जॉन्सन या रस्त्याकाठच्या हॉटेलसाखळीला तळलेल्या शिंपल्यांसाठी उभा राहणारा पाव हवा होता. तो मेनच्या जे. जे. निसन बेकरीने करून दिला. सपाट कडांना लोणी लावून तव्यावर भाजता येतं. शिंपल्यांसाठी बनलेल्या त्या पावावर पुढे लॉबस्टरने हक्क सांगितला. त्याच दशकात दुसऱ्या महायुद्धामुळे मांसावर रेशनिंग आलं. लॉबस्टरवर ते नव्हतं, त्यामुळे त्याची मागणी वाढली.

तरीही कित्येक वर्षं हा पदार्थ किनाऱ्यावरच्या सुट्टीतलाच राहिला. न्यूयॉर्कमध्ये त्याची लाट आणली ती रिबेका चार्ल्स या बाईंनी. १९९७ मध्ये त्यांनी ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘पर्ल ऑयस्टर बार’ काढला. पुढे त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या स्वयंपाक्याने स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा २००७ मध्ये त्यांनी त्याच्यावर दावा लावला. नक्कल केली, असा आरोप होता. दावा तडजोडीने मिटला. पावात मांस घालण्याची मालकी कुणाची, यावर वकील उभे राहिले, एवढा हा पाव मोठा झाला होता. २००९ मध्ये मेनच्याच एका लॉबस्टर व्यापाऱ्याच्या मुलाने, ल्यूक होल्डन याने, बँकेतली नोकरी करता करता न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये साधं, छोटं दुकान टाकलं. कागदी द्रोणाचा जमाना आला तो असा.

कोळ्याच्या हातातली पट्टी

आता मुद्द्याचं. मागणी इतकी वाढूनही मेनचा लॉबस्टर संपला कसा नाही?

तिथल्या प्रत्येक कोळ्याकडे धातूची एक पट्टी असते. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत ३¼ इंचांपेक्षा कमी भरला, तर लॉबस्टर परत पाण्यात. १९३३ च्या कायद्याने वरचीही मर्यादा घातली. ५ इंचांपेक्षा मोठा असेल तरी परत, कारण मोठी मादी फार अंडी देते. अंडी धरलेली मादी सापडली, तर तिच्या शेपटीला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून सोडतात. पुढे ती दुसऱ्या कुणाला बिनअंड्याची सापडली, तरी खाच पाहून त्याने तिला सोडायचंच. १९१७ पासून चालत आलेली ही रीत आहे. ओढजाळ्याने लॉबस्टर आणायला बंदी, फक्त पिंजरे. १९९५ च्या कायद्याने किनाऱ्याचे विभाग पाडून नियम ठरवण्यात कोळ्यांनाच मत दिलं.

याचं फळ २०१६ मध्ये दिसलं. त्या वर्षी मेनमध्ये १३ कोटी पौंडांहून जास्त लॉबस्टर उतरला, आजवरचा उच्चांक. त्यानंतर आकडा खाली आला आहे. समुद्र तापतो आहे आणि समुद्राला पट्टी लावता येत नाही. दक्षिणेला, लाँग आयलंड साउंडमध्ये, १९९९ मध्ये लॉबस्टर मोठ्या प्रमाणावर मेले. ती मासेमारी पुन्हा सावरली नाही. ज्या कनेटिकटमध्ये गरम रोल जन्माला आला, तिथल्या पावात आता बहुधा मेनचा किंवा कॅनडाचा लॉबस्टर असतो.

आपल्याकडेही हा धडा घडून गेला आहे. मुंबईच्या समुद्रात चपट्या अंगाचा, नांग्या नसलेला ‘स्लिपर लॉबस्टर’ ट्रॉलरच्या जाळ्यात चांगला येत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो जवळपास दिसेनासा झाला. केंद्र सरकारने २००३ मध्ये लॉबस्टरच्या निर्यातीसाठी किमान वजनं ठरवली. चिखली शेवंडीला ३०० ग्रॅम, चपट्याला १५० ग्रॅम. नियम योग्यच आहे. पण वजनाचा काटा बंदरावर, माल मेल्यानंतर लागतो. मेनची पट्टी होडीत, तो जिवंत असताना लागते. पुरवठ्याच्या कामात हा फरक फार मोठा आहे. गोदामाच्या दारात पकडलेली चूक फक्त कागदावर दुरुस्त होते. उगमावर पकडलेली खरोखर दुरुस्त होते.

म्हणून मंडळी, आपण मालवणात असा, वेरावळमध्ये असा की कोचीत, ताटातली शेवंड पिल्लाएवढी असेल किंवा पोटाला अंडी असतील, तर ती नको म्हणा. हॉटेलवाल्याला विचारा, कोळ्याला विचारा. गिऱ्हाइकाने विचारलं की माल आणणारा ऐकतो. रसदीची शेवटची चौकी म्हणजे आपलं ताट. त्या चौकीवर आपली ड्यूटी आहे.

पुढच्या भागात कारगिलच्या वाटेवरच्या रस्त्यांविषयी बोलू. तोपर्यंत, जय हिंद.