ओव्हनची वीजजोडणी, घरगुती (खानदेश)

विजेच्या ओव्हनसाठी घरातील मुख्य एमसीबी पेटीपासून थेट ओढलेले स्वतंत्र सर्किट. जळगाव-धुळ्याकडे त्याचा हिशेब ओव्हनच्या वॉटइतकाच मे महिन्याच्या उन्हावर ठरतो.

घरगुती सिंगल फेज पुरवठा 230 व्होल्टचा असतो. ओट्यावर ठेवायचा 1,500 वॉटचा ओटीजी साडेसहा अँपियर घेतो. मिक्सरच्या 6 अँपियर प्लगला तो झेपत नाही. त्याला 16 अँपियरचा पॉवर प्लग, तांब्याची अडीच चौ. मिमी वायर आणि 16 चा एमसीबी पुरतो. (भरिताचे वांगे मात्र काड्यांवरच भाजावे, यावर खानदेशात दुमत नाही.)

फर्निचरमध्ये बसवायचे मोठे ओव्हन साडेतीन किलोवॉटपर्यंत, म्हणजे 15 अँपियरच्या वर जातात. भिंतीतल्या पाइपातून नेलेली अडीचची पीव्हीसी वायर तक्त्याप्रमाणे 24 अँपियर पेलते, पण तो आकडा 30 अंश तापमानाचा. जळगाव-भुसावळला पारा 45 वर जातो, गच्चीच्या स्लॅबमधला पाइप त्याहून तापतो. 45 अंशांना तीच वायर जेमतेम 19 अँपियरची उरते, 50 ला 17 ची. घरगुती एमसीबीही 30 अंशांनाच जुळवलेला असतो; पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद पेटीत 16 चा एमसीबी मोठ्या ओव्हनला भरदुपारी पडू लागतो. मग वायर तीच ठेवून 20 किंवा 25 चा एमसीबी टाकला जातो. तक्रार मिटते, वायरचे संरक्षण जाते. अशा ओव्हनला चार चौ. मिमी वायर, 20 चा एमसीबी आणि प्लगऐवजी हाताशी येणारा डबल पोल स्विच घ्यावा. ही वायर 45 अंशांनाही 25 अँपियर पेलते.

अर्थिंग हवेच. तापीखोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातला पाइप आणि माती यांचा संपर्क तुटतो. म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावे. सोबत 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) असावा. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या ओव्हनच्या कॉइलमधली पूड ओल धरते आणि आरसीसीबी पडतो; दोष ओव्हनचा असतो, आरसीसीबी काढून टाकू नये.

मोठा ओव्हन घेण्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहावा. कमी असल्यास महावितरणकडे वाढवून घ्यावा. पुरवठाच 200 व्होल्टवर आला, तर 1,500 वॉटचा ओव्हन 1,130 वॉटच देतो आणि नानखटाई पांढरी राहते. त्याला घरातली वायर जाड करून उपयोग नाही.