रताळ्यातलं जनुक आणि वांग्यावरची फवारणी

सुशिक्षित मराठी घरांत सध्या एक मत जवळपास सर्वमान्य झालं आहे. एका जिवाचं जनुक दुसऱ्यात घालणं निसर्ग कधी करत नाही. म्हणून जनुकबदल केलेलं, म्हणजे जीएम अन्न अनैसर्गिक आणि घातक. सुदैवाने ते आपल्या ताटात अजून आलेलं नाही आणि येऊही द्यायचं नाही. हा पूर्वपक्ष मी सौम्य न करता मांडला आहे, कारण तो मांडणारी माणसं मला परकी नाहीत, माझ्याच घरातली आहेत. मुलांच्या डब्यात काय जातं ही काळजी त्यामागे आहे आणि तिचा मला आदर आहे. पण या मताची एकेक कडी तपासली की ती टिकत नाही. आणि ते तसंच धरून बसल्याचं नुकसान खाणाऱ्यापेक्षा पिकवणाऱ्याला जास्त सोसावं लागतं.

निसर्ग असं कधी करत नाही, इथून सुरुवात करू. एकादशीला घरोघर शिजणारं रताळं घ्या. २०१५ साली बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठातल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी लागवडीखालच्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले. सगळ्यांत ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूच्या डीएनएचा तुकडा सापडला. एका वनस्पतीत जिवाणूची जनुकं शिरली, ती टिकली, माणसाने तीच रोपं निवडून वाढवली. आज प्रयोगशाळेत पिकात जनुक पोचवायला याच ॲग्रोबॅक्टेरियमला कामाला लावतात. म्हणजे ज्या कृतीला आपण निसर्गद्रोह म्हणतो ती निसर्गाने आधीच केली, आणि तिचं फळ आपण उपासाला पवित्र मानून खातो.

उपासाच्या शेंगदाण्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तुरभ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बियाण्यावर क्षकिरण सोडून उत्परिवर्तनं घडवली आणि त्यातल्या चांगल्या रोपांच्या संकरातून टीएजी-२४ सारखे भुईमुगाचे वाण तयार केले. शेतकऱ्यांनी ते आवडीने लावले. किरणांच्या माऱ्यात कुठली जनुकं कुठे बदलली हे कुणी मोजलं नव्हतं; एखाद-दुसरं ओळखीचं जनुक नेमून घालण्यापेक्षा हा बदल कितीतरी आंधळा. त्या दाण्याच्या कुटाविरुद्ध कधी मोर्चा निघाला नाही, आणि निघायला हवा होता असंही नाही; दाणे चांगले आहेत. मुद्दा एवढाच की बदल कुठल्या पद्धतीने झाला यावरून पदार्थाची पारख होत नाही. बदलून काय तयार झालं ते पाहावं लागतं.

आता ताटाकडे वळू. बीटी कापसाला, म्हणजे जनुकबदल केलेल्या कापसाला, आपल्याकडे मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि आज देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तोच आहे. कापूस वेचला की सरकी उरते. सरकीचं तेल फरसाणाच्या कढईत जातं. विदर्भात जिला ढेप म्हणतात आणि इतरत्र पेंड, ती गाई-म्हशींना घातली जाते, त्यांचं दूध आपण पितो. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येणारं सोयाबीन तेल बहुतांशी जीएम सोयाबीनचंच असतं. कोंबडीखाद्य महागलं तेव्हा, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, केंद्र सरकारने जीएम सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही आणि पेंडीतलं प्रथिन जनावराच्या पोटात इतर प्रथिनांसारखंच पचतं, हे खरं. तेव्हा यावरून सगळं जीएम निर्धोक ठरतं, असं मी म्हणत नाही. पण ‘आपण अजून वाचलो आहोत’ ही समजूत सोडावी लागेल.

वादाचं खरं ठिकाण म्हणजे वांगं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ती शिरण्याआधी पुन्हापुन्हा फवारावं लागतं. एका हंगामात वीस-पंचवीस फवारण्या ही नवलाची गोष्ट नाही. मी मंडईत वांगी घेताना एकदा विक्रेत्या बाईंना विचारलं, औषध कधी मारलं होतं? त्या सरळपणे म्हणाल्या, “परवा. नाहीतर तुम्हीच किडकं म्हणून टाकून द्याल.” त्यांचं उत्तर मी विसरू शकत नाही. बिनकिडीचं, तुकतुकीत वांगं निवडणारा आपला हातच त्या फवारणीचा एक धनी आहे.

याच अळीसाठी तयार केलेल्या बीटी वांग्यात काय असतं? बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं एक प्रथिन. अळीच्या आतड्यात अल्कधर्मी रस असतो; तिथे ते जागं होतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागांना चिकटून त्यांना भोकं पाडतं. माणसाच्या जठरात आम्ल आहे आणि आपल्या आतड्यात त्या जागाच नाहीत, म्हणून ते साधं प्रथिन म्हणून पचतं. याच जिवाणूची भुकटी सेंद्रिय शेतीतही फवारायला चालते. जीएमच्या विरोधात समाजमाध्यमांवर गाठी आलेल्या उंदरांची जी छायाचित्रं फिरतात ती २०१२ सालच्या एका फ्रेंच अभ्यासातली. तो अभ्यास वांग्यावर नव्हता, तणनाशक सहन करणाऱ्या मक्यावर होता. उंदरांची जात अशी की वय झालं की तिला गाठी आपसूक येतात, आणि प्रत्येक गटात फक्त दहा उंदीर. ज्या नियतकालिकाने तो छापला त्यानेच पुढच्या वर्षी मागे घेतला.

विरोधकांचे दोन मुद्दे मात्र वजनदार आहेत आणि ते मी टाळणार नाही. एक, वांगं मूळचं आपलं. त्याच्या जंगली भावंडांत आणि गावरान वाणांत नवं जनुक पसरेल. हे शक्य आहे. पण जळगावच्या भरिताच्या वांग्याला आज खरा धोका बाजारातल्या संकरित बियाण्याचा आहे, आणि त्यावर इलाज आहे तो बियाणं जपण्याचा, तो वाण लावणाऱ्याला भाव देण्याचा.

दुसरा मुद्दा कापसाचा, आणि तो मला जास्त सलतो. बीटीमुळे फवारण्या कमी होणार होत्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा विषबाधेने जीव गेला. बीटी असूनही फवारा हातात का राहिला? गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणं बंद केलं होतं, हे त्यातलं एक मोठं कारण. पण ती वेळ जनुकामुळे आली नाही. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची पुडी मिळायची; ती कडेने पेरायची, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. पुडी बांधावर पडून राहिली. ती का पेरायची हे समजावून सांगायला शिवारात कुणी फिरकलं नाही. लांब मुदतीचे संकरित वाण विकले गेले, फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक शेतात पुढे राखून, घेतली गेली, आणि अळीला वर्षभर घर मिळालं. यासाठी बियाणे कंपन्यांना आणि कृषी खात्याला जाब विचारायला मी सर्वांत पुढे असेन. तो जाब ‘जनुक नको’ या घोषणेत मात्र हरवून जातो.

त्या घोषणेत आणखीही काही हरवतं. कीड रोखणारं जनुक आणि तणनाशक सहन करणारं जनुक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याने फवारणी घटू शकते, दुसऱ्याने तणनाशकाची वाढते आणि निंदणीला जाणाऱ्या बायांची मजुरी जाते. दुसऱ्याबद्दल माझ्याही मनात शंका आहेत. पण दोन्हींना एकच ‘जीएम’ नाव देऊन सरसकट दार लावलं की माल मागच्या दाराने येतो. विदर्भात त्याला नावच आहे, चोर बीटी. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी मान्यता नसलेलं असं बियाणं सर्वांसमक्ष पेरलं. अशा बियाण्याला ना तपासणी, ना पावती, ना फसल्यावर भरपाई.

पुन्हा वांग्याकडे येऊ. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होतं, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. स्थगितीच, बंदी नव्हे. स्वतंत्र चाचण्या होऊन लोकांची खात्री पटेपर्यंत. जालन्याचं तेच जनुक बांगलादेशच्या सरकारी संस्थेने आपल्या सरळ वाणांत घेतलं, २०१३ मध्ये मान्यता दिली, आणि तिथला शेतकरी त्याचं बी राखून पुढच्या वर्षी पेरू शकतो. तिथल्या पाहण्यांत कीटकनाशकाचा खर्च घटलेला आणि उत्पन्न वाढलेलं दिसलं. आपल्याकडे २०२० मध्ये सार्वजनिक संशोधन संस्थेने विकसित केलेल्या बीटी वांग्याच्या शेतातल्या चाचण्यांना आठ राज्यांसाठी केंद्रीय समितीने मंजुरी दिली, पण संबंधित राज्य सरकारच्या ना-हरकतीशिवाय एक रोपही लावता येत नाही. चाचण्या नाहीत म्हणून वांगं नको म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी गेली कित्येक वर्षं हेच विचारतो आहे: मग त्या ना-हरकतीसाठी तुम्ही सरकारकडे अर्ज का करत नाही?