कामात मन लागत नाही? आळस, बर्नआउट की आजार?

‘डॉक्टर, सुट्टी घेतली तरी थकवा जात नाही. सोमवार आला की पोटात गोळा येतो.’ अशी तक्रार करणाऱ्या व्यक्तीला घरचे बऱ्याचदा आळशी ठरवतात आणि ती स्वतः टॉनिक मागते. दोन्हींमुळे खरे कारण बाजूला राहते.

कामाची गोडी कशाने टिकते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडले की पगार, नियम आणि सोयी नीट नसतील तर माणूस नाराज होतो. पण त्या नीट असल्या म्हणून कामाची गोडी लागतेच असे नाही. ती जबाबदारी, यश आणि कौतुकातून लागते. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या मते माणसाला तीन गोष्टी लागतात: निर्णयाची मोकळीक, काम जमते ही भावना आणि आपुलकीची माणसे.

ताण कधी वाढतो?

काम भरपूर, पण ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा नाही, ही स्थिती सर्वांत त्रासदायक, असे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले. योहानेस सीग्रिस्ट यांच्या मते कष्टाच्या मानाने मोबदला कमी असला की ताण वाढतो. यात पैशाबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही येते. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासात, कामावर नियंत्रण कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळला.

बर्नआउटची लक्षणे

जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार मानत नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून येणारी ती स्थिती आहे. लक्षणे तीन:

- शक्ती संपल्यासारखा थकवा
- कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा
- कामाचा दर्जा घसरल्याची भावना

डॉक्टरांकडे कधी जावे?

थकव्यामागे ॲनिमिया, थायरॉईड, मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरताही असू शकते. त्यासाठी साध्या रक्ततपासण्या पुरतात. झोपेत मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर तेही सांगा.

बर्नआउटचा त्रास मुख्यतः कामाभोवती असतो. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ घर, मित्र, छंद कशातच रस वाटत नसेल आणि झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका. टेलि-मानस या मोफत सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास बोलता येते.

काय करता येईल?

वरिष्ठांकडे ‘ताण आहे’ एवढेच सांगण्याऐवजी एक नेमकी गोष्ट मागा: कामांचा क्रम ठरवण्याची मुभा, रात्रीच्या फोनला मर्यादा किंवा स्पष्ट जबाबदारी. व्यायाम आणि झोप मदत करतातच. पण बिघाड कामाच्या रचनेत असेल, तर बदलही तिथेच करावा लागतो. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.