दिव्यांचा सौम्य प्रारंभ

बटण दाबताच खोली उजळावी, ही अपेक्षा इतकी अंगवळणी पडली आहे, की त्या क्षणी दिव्यावर काय गुदरते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मात्र तंतूचा बल्ब बहुतेक वेळा बटण दाबण्याच्या क्षणीच ‘उडतो’, हा अनुभव घरोघरीचा आहे. दिव्याला पूर्ण दाब एकदम न देता तो सेकंद-दोन सेकंदांत हळूहळू चढवत नेणाऱ्या परिपथास ‘सॉफ्ट स्टार्ट’, म्हणजेच सौम्य प्रारंभ, असे म्हणतात.

थंड तंतूचा प्रश्न

२३० व्होल्टवर चालणाऱ्या १०० वॅटच्या बल्बमधील टंगस्टनचा तंतू पेटल्यावर सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्या अवस्थेत त्याचा रोध ५२९ ओहम असतो व त्यातून ०.४३ अँपिअर प्रवाह वाहतो. तोच तंतू थंड असताना त्याचा रोध जेमतेम ३५ ते ४० ओहम भरतो. घरातील प्रत्यावर्ती दाब आपल्या शिखरावर ३२५ व्होल्टपर्यंत पोहोचतो. नेमक्या त्या क्षणी बटण दाबले गेल्यास आठ ते नऊ अँपिअरचा लोंढा तंतूतून जातो. तंतू क्षणार्धात तापून हा लोंढा ओसरतो. पण बाष्पीभवनाने तंतू जेथे बारीक झालेला असतो, तो भाग इतरांआधी व अधिक तापतो आणि तेथेच तुटतो.

सोपा उपाय : थर्मिस्टर

तापमान वाढले की ज्याचा रोध घटतो, असा ‘एनटीसी’ थर्मिस्टर दिव्याच्या एकसरीत जोडणे, हा सर्वांत साधा मार्ग होय. थंड असताना १२० ओहम रोध असलेला थर्मिस्टर घेतल्यास वरील आठ-नऊ अँपिअरचा लोंढा दोन अँपिअरवर येतो. प्रवाहाने थर्मिस्टर तापतो, त्याचा रोध काही ओहमांवर उतरतो व दिवा पूर्ण तेजाने जळू लागतो.

या साधेपणाची किंमतही आहे. थर्मिस्टर सतत तप्तच राहतो. त्यामुळे तो प्लॅस्टिकच्या पेटीला किंवा तारेच्या आवरणाला टेकता कामा नये. शिवाय वीज जाऊन लगेच परत आली, तर तो थंड झालेला नसतो आणि त्या वेळी संरक्षण जवळजवळ मिळत नाही. वीज वारंवार ये-जा करणाऱ्या भागात ही त्रुटी लहान नव्हे.

ट्रायकचा परिपथ

अधिक नेमका मार्ग ट्रायकचा. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये हाच घटक असतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात प्रत्येक अर्धे आवर्तन १० मिलिसेकंदांचे असते. रोधकातून भारित होणाऱ्या कपॅसिटरवरील दाब सुमारे ३२ व्होल्टवर पोहोचला, की डायॅक वाहू लागतो व ट्रायकला चालना देतो. त्यानंतर प्रवाह शून्यावर येईपर्यंत ट्रायक वाहत राहतो. चालना जितकी उशिरा, तितका दिवा मंद.

रेग्युलेटरमध्ये हा विलंब हाताने बदलला जातो. सौम्य प्रारंभात तो आपोआप घटवला जातो. त्यासाठी मायक्रोकंट्रोलर वापरल्यास तो दाब शून्यावर येण्याचा क्षण टिपतो. पहिल्या अर्ध्या आवर्तनात ९ मिलिसेकंदांनी चालना देऊन पुढे प्रत्येक वेळी हा विलंब ०.०९ मिलिसेकंदाने कमी केला, की १०० अर्ध्या आवर्तनांत, म्हणजे एका सेकंदात, दिवा पूर्ण तेजावर येतो. वाहत्या ट्रायकवर एक-दीड व्होल्ट खर्ची पडतात. त्यामुळे १०० वॅटच्या एका दिव्यासाठी अर्ध्या वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. चार दिवे असतील, तर ट्रायकला उष्णता पसरवणारी धातूची पट्टी लावावी लागते.

लाभ किती?

सौम्य प्रारंभाने बल्ब अमर होत नाही. जो तंतू बटण दाबताच तुटतो, तो बहुधा आयुष्याच्या अखेरीस आलेलाच असतो. आयुष्य खऱ्या अर्थाने वाढते, ते चालू दाब कमी केल्याने. दाब पाच टक्क्यांनी घटवला, तर आयुष्य जवळपास दुप्पट होते. मात्र उजेड सुमारे १६ टक्क्यांनी कमी होतो.

एलईडीच्या काळात

देशात २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाल्यानंतर घरोघरी एलईडी दिवे पोहोचले. त्यांत तापणारा तंतू नसला, तरी आरंभीच्या लोंढ्याचा प्रश्न संपलेला नाही. अनेक एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरमधील रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी एकदम भारित होऊ पाहतो. एका दिव्याचे त्यात काही बिघडत नाही. परंतु छतातील १५-२० दिवे एकाच बटणावर असतील, तर बटणाचे संपर्कबिंदू जळतात किंवा एमसीबी पडतो. ‘बी’ प्रकारचा एमसीबी नियत प्रवाहाच्या तीन ते पाच पटीला, तर ‘सी’ प्रकारचा पाच ते दहा पटीला तत्काळ तुटतो. येथे दिवे दोन-तीन बटणांत विभागणे हा पहिला उपाय. ‘डिमेबल’ असे न छापलेल्या एलईडी दिव्याला ट्रायकचा परिपथ जोडू नये; तो लुकलुकतो वा निकामी होतो.

सावधगिरी

हे परिपथ थेट २३० व्होल्टवर चालतात. मध्ये ट्रान्सफॉर्मर नसल्याने त्यांच्या प्रत्येक बिंदूला विजेचा झटका बसू शकतो. अनेक ट्रायकची धातूची पाठही विद्युतभारित असते. ट्रायक बिघडला, की बहुधा कायमचा वाहता राहतो. म्हणून त्याला बटणाचा पर्याय मानू नये. नेहमीचे बटण ‘फेज’च्या तारेवर व परिपथाच्या आधी असावे आणि सोबत योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. कपॅसिटर घरगुती प्रत्यावर्ती दाबासाठीच बनवलेला हवा. परिपथाचा अभ्यास टेबलावर कमी दाबाच्या पुरवठ्यावर करता येतो. घराच्या वायरिंगमध्ये तो बसवण्याचे काम मात्र परवानाधारक वीजतंत्रीकडेच सोपवणे इष्ट. दिवा फार तर काही रुपयांचा असतो. त्याच्या आयुष्यासाठी माणसाचे आयुष्य पणाला लावण्याचे कारण नाही.