घर मुंब्र्यात, काम ऐरोलीत : प्रादेशिक वाहतूक नियोजन म्हणजे नेमके काय?

नकाशा उघडून बघा. मुंब्रा आणि ऐरोली यांच्यामध्ये फक्त पारसिकचा डोंगर आहे. पण मुंब्र्याचा तरुण ऐरोलीच्या कंपनीत कामाला जातो तेव्हा तो आधी उलट्या दिशेने ठाण्याला जातो, पूल चढतो, ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतो आणि मग डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरतो. घर कुठे, रोजगार कुठे आणि दोन्हींना जोडणारा रस्ता किंवा रेल्वे कुठून न्यायची, हे एका शहरापुरते न बघता सगळ्या प्रदेशासाठी मिळून ठरवणे म्हणजे प्रादेशिक वाहतूक नियोजन.

आपल्याकडे हे काम मुख्यतः एमएमआरडीएचे. 1975 साली हे प्राधिकरण स्थापन झाले. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, नवी मुंबई, वसई-विरार या महापालिका आपापल्या हद्दीत विकास आराखडा करतात. हद्द ओलांडून जाणारे मोठे दुवे मात्र एमएमआरडीए, रेल्वे आणि राज्य सरकार ठरवतात. माणूस रोज दोन-तीन हद्दी ओलांडतो, फाईल मात्र हद्दीवर अडकते. अडचण तिथेच आहे.

घरे आधी की गाडी आधी? नवी मुंबईचे उदाहरण घ्या. सिडको 1970 मध्ये स्थापन झाली, पण मानखुर्द-वाशी लोकल सुरू व्हायला 1992 उजाडले. त्या मार्गाच्या खर्चाचा 67 टक्के वाटा सिडकोने उचलला, 33 टक्के रेल्वेने. जमीन विकून येणाऱ्या पैशातून रेल्वे उभी करायची, असा तो हिशेब होता. उशीर झाला खरा, पण स्टेशनसाठी आणि रुळांसाठी जागा आधीच राखून ठेवलेली होती.

मुंब्रा-कौसा असे नियोजनाने वसले नाही. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबे सुरक्षित जागा शोधत इकडे आली. घरे झपाट्याने उभी राहिली, कित्येक परवानगीविना. त्याची किंमत काय असते ते 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याजवळची इमारत कोसळली तेव्हा दिसले. 74 जीव गेले. वाहतुकीच्या बाजूनेही याचे नुकसान होतेच. मंजूर नकाशाच नसेल तर रुंद रस्ता, बस डेपो, पार्किंग यांच्यासाठी जागा सोडणार कोण? नंतर रस्ता रुंद करायचा म्हटला की कुणाचे तरी घर किंवा दुकान तोडावे लागते.

रेल्वेने काहीच केले नाही असे नाही. ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका 2008 ला मंजूर झाली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली. चौदा वर्षे! तेवढ्या काळात पलीकडे दिवा, डोंबिवली, कल्याण, बदलापूर किती वाढले ते वेगळे सांगायला नको. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलमधून खाली पडले. त्यात चौघांचा जीव गेल्याचे त्याच दिवशी कळले. दरवाजे आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांची चर्चा लगेच सुरू झाली. पण सगळ्यांनाच एका दिशेने का जावे लागते, हा प्रश्न मागेच राहिला.

त्या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे कळवा-ऐरोली उन्नत मार्ग. तो झाला तर कल्याणकडून येणारी गाडी ठाण्याला न जाता थेट नवी मुंबईत जाईल. त्यातले दिघा गाव स्टेशन जानेवारी 2024 मध्ये सुरू झाले. पुढचा उन्नत भाग मात्र मार्गात येणाऱ्या झोपड्यांच्या पुनर्वसनावर अडला. त्या कुटुंबांना जवळ घर दिले नाही तर आपण एकाच्या रोजगारासाठी दुसऱ्याचा रोजगार घालवतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

भिवंडीची गोष्ट उलटी. तिथे काम आहे. पॉवरलूम जुनेच, आता माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेरपर्यंत गोदामेच गोदामे. पण लोकल नाही. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे आणि तिथे गाड्या मोजक्याच. त्यामुळे कामगार आणि कंटेनर एकाच रस्त्यावर. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो 5 ही सुमारे 25 किलोमीटरची. डिसेंबर 2018 मध्ये भूमिपूजन झाले, सात वर्षांनंतरही प्रवासी गाडी धावली नव्हती. पहिला टप्पा कापूरबावडी ते धामणकर नाका एवढाच. कल्याणकडचा भाग नंतर. म्हणजे कल्याणहून गोदामात येणाऱ्याला पहिल्या टप्प्याचा उपयोग नाही.

सामान्य माणसाने बोलायचे कधी? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 प्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत लेखी हरकती-सूचना देता येतात. नकाशावर आपला मोहल्ला शोधा, रस्त्याची रुंदी बघा, स्टेशनचा जिना कुठे उतरतो ते बघा. शेअर रिक्षाला उभे राहायला जागा ठेवली आहे का, तेही विचारा. धामणकर नाक्यावर हा प्रश्न पहिल्याच दिवशी येणार आहे.