विद्यावेतन आणि फी

कल्याणात आनंदीबाई जोशींचं नाव निघालं की माणसं ताठ बसतात. १८६५ साली इथे जन्मलेली मुलगी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाली. चौदाव्या वर्षी दहा दिवसांचं मूल गेल्यावर तिने हे मनावर घेतलं होतं. अभिमान रास्तच आहे. पण त्याच कल्याणात मॅट्रिकनंतर मी नर्सिंगचा फॉर्म आणला, तेव्हा आत्या म्हणाली, "डॉक्टरीण हो, मास्तरीण हो. परक्या पुरुषांची भांडी उचलायला तुला शिकवलं नाही."

आत्याचं काय चुकलं? पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपण करायची ती सुईण, आणि ती वाड्याच्या मागच्या दाराने यायची. दुसऱ्याच्या रक्तामळाला हात लावणं सोवळ्यात बसत नव्हतं, आणि रात्रपाळी तर मुळीच नाही. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत मुंबईत नर्सिंगचं शिक्षण घ्यायला आल्या. पहिली भारतीय नर्स म्हणून आमच्या ट्यूटर त्यांचं नाव पाठ करून घ्यायच्या. नावापुढे दुसरी ओळ नसायची. आनंदीबाईंची चरित्रं झाली, काशीबाईंचा एका मार्काचा प्रश्न झाला. पुढेही बराच काळ वॉर्डांत दिसत त्या मुख्यतः ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली.

पांढरपेशा घरांचं दार किलकिलं केलं रमाबाई रानड्यांनी. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि पुढे तिथल्या बायकांना, त्यांत विधवांनाही, नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवलं. विधवेपुढे पोथी न ठेवता पगाराचं काम ठेवलं, हे मला त्यांच्या साऱ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं. माझी आत्याही विधवाच होती. तिला कुणी विचारलं नाही.

१९३५ मध्ये मुंबई इलाख्यात नर्सेसच्या नोंदणीचा कायदा आला, १९४७ मध्ये देशाच्या नर्सिंग कौन्सिलचा. नर्सला नंबर मिळाला, म्हणजे सेवेचा धंदा झाला. (धंदा म्हटलं की काहींना राग येतो. मला येत नाही.)

मला घरून सोडलं ते मात्र पैशाने. वडिलांची नोकरी गेली होती, आणि सरकारी ट्रेनिंगला फी नव्हती. उलट हॉस्टेल होतं, जेवण होतं, वर महिन्याला विद्यावेतन. आमच्या हॉस्टेलवर केरळच्या मुली पुष्कळ. एक तारखेनंतर त्या पोस्टात रांग लावायच्या. त्यांच्या गावी नर्स झालेली मुलगी म्हणजे मनीऑर्डर, तिथे "लोक काय म्हणतील" कुणी विचारत नसे. दोन महिन्यांनी मीही रांगेत उभी राहिले. आत्याने पैसे मोजून घेतले आणि भांड्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

विद्यावेतन म्हणजे दानधर्म नव्हता, हेही सांगते. अख्खा वॉर्ड शिकाऊ मुलींवर चालायचा. पहाटे स्पंजिंग, राउंडच्या आधी बेड, मग इंजेक्शनं, ड्रेसिंगची ट्रॉली. रात्री वॉर्डभर दोघी. साडेतीन वर्षं, त्यात शेवटचे सहा महिने मिडवाइफरी. दवाखान्याने आमच्याकडून पुरेपूर काम काढून घेतलं, पण त्यातच हात बसला.

आता डोंबिवलीची माझी भाचेनात विचारते, "आजी, नर्सिंगला जाऊ का?" आज घरात कुणी नाक मुरडत नाही, कोविडनंतर तर नाहीच. अडतं ते पैशावर. सरकारी जागा थोड्या, म्हणून खासगी कॉलेज. जीएनएम (जनरल नर्सिंग-मिडवाइफरी) तीन वर्षं, बीएस्सी चार, आणि फी घरची. पूर्वी दवाखाना मुलीला पैसे द्यायचा, आता मुलीचं घर कॉलेजला देतं. मग छोट्या नर्सिंग होममधला सुरुवातीचा पगार बघून आई-वडिलांचा चेहरा पडतो. सरकारी नोकरी लागली किंवा परदेशी गेली, तर गणित जुळतं.

मी तिला जा म्हटलं. आधी मात्र कॉलेजचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांच्या यादीत शोधायला लावलं. तुमच्याही घरात मुलगी किंवा मुलगा फॉर्म भरत असेल, तर प्रॅक्टिकल कोणत्या रुग्णालयात आणि तिथे खाटा किती, हे स्वतः जाऊन बघा. उत्तर टाळणाऱ्या कॉलेजात पैसे भरू नका.