मुशीचं डोकं आणि मुशीचं धड

मी नाशिकमध्ये प्राणिशास्त्र शिकलो आणि पुढे इथेच ते शिकवलं. आमच्या काळी बी. एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे मुशी. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या मुशा मुंबईहून यायच्या. प्रयोगशाळेतले मामा आदल्या दिवशी त्या पाण्यात टाकून ठेवत, तरी डोळे चुरचुरायचेच. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी मुशी पक्की करायची आणि पाचवी, सातवी, नववी, दहावी या क्रेनियल नर्व्हज न तोडता उघड्या करून दाखवायच्या. दहावी, म्हणजे व्हेगस, शाबूत निघाली की जीव भांड्यात पडायचा.

या प्रथेला इतिहास आहे. लखनौच्या प्रा. करम नारायण बहल यांनी भारतीय प्राण्यांवरची ग्रंथमाला सुरू केली. आपल्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडचे प्राणी अभ्यासावेत, हा तिचा हेतू. तिच्यात १९२८ साली ई. एम. थिल्लयमपलम यांचा मुशीवरचा, म्हणजे स्कोलिओडॉनवरचा ग्रंथ आला. इंग्रजी पुस्तकांतल्या डॉगफिशऐवजी आपल्या किनाऱ्यावरचा हा लहानसा शार्क देशभरच्या कॉलेजांत पोहोचला, तसा नाशिकलाही.

पण परीक्षेला यायचं ते डोकं. धड, आणि त्यातला मज्जारज्जू, बादलीत जायचा. माशाच्या पोहण्याचं उत्तर मात्र त्या धडातच होतं.

१९३६ मध्ये इंग्लंडात जेम्स ग्रे आणि सँड यांनी डॉगफिशचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला. मासा पोहतच राहिला. मग प्रश्न आला : एका वळणाची जाणीव पुढचं वळण घडवते, की ताल मज्जारज्जूतच आहे? १९७६ मध्ये स्वीडनच्या स्टेन ग्रिलनर आणि सहकाऱ्यांनी औषधाने माशाचे स्नायू लुळे केले. हालचाल थांबली, म्हणजे तिची जाणीवही नाही. तरीही मज्जारज्जूतून डावा-उजवा, डावा-उजवा असे पोहण्याचे संदेश निघत होते.

पुढचं काम लॅम्प्रेवर झालं. हा शार्कहूनही जुन्या शाखेतला मासा. त्याला जबडा नाही, जोडीचे पर नाहीत. तरुण सिग्मंड फ्रॉइडने १८७७-७८ मध्ये व्हिएन्नात याच्याच मज्जारज्जूतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या होत्या. १९८० मध्ये ॲव्हिस कोहेन आणि पीटर वालेन यांनी तो मज्जारज्जू शरीराबाहेर काढून क्षारद्रावणात ठेवला आणि चेतापेशींना चेतवणारं रसायन घातलं. स्नायू नाहीत, मेंदू नाही, तरी पोहण्याचा ताल सुरू झाला.

रचना अशी : लॅम्प्रेच्या मज्जारज्जूचे सुमारे शंभर खंड. प्रत्येक खंडात डावीकडे आणि उजवीकडे चेतापेशींचा एकेक गट. डावा गट आपल्या बाजूचा स्नायू आकुंचित करतो आणि त्याच वेळी पलीकडे जाणाऱ्या पेशींमार्फत उजव्या गटाला गप्प करतो. मग पाळी बदलते. प्रत्येक खंड डोक्याच्या बाजूच्या खंडाहून किंचित उशिरा काम करतो, म्हणून लाट डोक्याकडून शेपटीकडे सरकते आणि मासा पुढे जातो. कधी निघायचं, किती वेगाने, कुठे वळायचं, हे मेंदू सांगतो. ताल मज्जारज्जू धरतो. चार पायांच्या प्राण्यांच्या चालण्यामागेही अशीच मंडलं सापडली आहेत.

२०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते पूर्ण थांबवलं. ते योग्यच झालं. पण मुशीच्या जागी फक्त डोक्याचा तक्ता टांगला, तर विद्यार्थी पुन्हा नावंच पाठ करतील. लॅम्प्रे भारतात नाही. गोदावरीत तशीच अंगाची लाट करत पोहणारी वाम मात्र आहे. प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : मुलांना नदीवर न्या, जिवंत वाम पोहताना दाखवा, लाट कुठून निघते आणि कुठे जाते ते त्यांना टिपू द्या. मज्जारज्जूचा धडा त्यानंतर सुरू करा.